कोरकू मुलांच्या वर्गात भाषेचा अभ्यास करायचा असेल तर

अमरावती जिल्ह्याच्या मेळघाटात, कोरकू आदिवासींच्या मुलखातल्या धारणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलं आहे: एम.ए. शिक्षणशास्त्राच्या लघुप्रबंधासाठी 'कोरकू भाषिक विद्यार्थ्यांना मराठी माध्यमातून शिकताना येणाऱ्या अडचणी' असा विषय घेतला आहे. पालक आणि शिक्षकांसाठी चाळीस प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. ती भरून घ्यायची, टक्केवारी काढायची आणि शिफारशी लिहायच्या असा बेत आहे. यात काय सुधारावं?

सर, प्रश्नावली तूर्त कपाटात ठेवा.

तुम्ही त्या वर्गात रोज असता. बाहेरून येणाऱ्या अभ्यासकाला मुलांचा विश्वास मिळवण्यातच महिने जातात. तुमच्यासमोर मात्र परिपाठापासून शाळा सुटेपर्यंत तीन-तीन भाषा बोलल्या जात आहेत, आणि ते ऐकायचं सोडून तुम्ही लोकांची मतं गोळा करायला निघाला आहात. शिक्षक-प्रशिक्षणात आणि वर्गातल्या भाषेच्या अभ्यासात माझी बरीच वर्षं गेली. या विषयावरचे जे लघुप्रबंध माझ्या हाताखालून गेले, त्यांतल्या बहुतेकांत तक्ते होते, आलेख होते, शिफारशीही होत्या. पण एका मुलानं प्रत्यक्ष उच्चारलेलं एक वाक्य शोधून सापडत नव्हतं. ही उणीव मला फार लागते. भाषेचा अभ्यास म्हणजे भाषेच्या वापराचा अभ्यास. तो कानांनी सुरू होतो.

आधी विषयाच्या नावाबद्दल. 'विद्यार्थ्यांना येणाऱ्या अडचणी' असं म्हटलं की अडचण मुलात आहे हे पहिल्याच ओळीत ठरून जातं. मग पुढची शंभर पानं त्या अडचणीची कारणं शोधण्यात जातात: घरी अभ्यास घेत नाहीत, पालक अशिक्षित आहेत, गैरहजेरी फार आहे. शिक्षकाला कोरकू येत नाही ही अडचण त्या यादीत क्वचितच दिसते. नाव साधं ठेवा: 'धारणी तालुक्यातील एका प्राथमिक शाळेत कोरकू, हिंदी आणि मराठी यांचा वापर'. यात कुणावर ठपका नाही, आणि शोधायचं काय ते उघड आहे: कोण, कुणाशी, कुठे, कशासाठी, कोणत्या भाषेत बोलतं.

हा प्रश्न जोशुआ फिशमन या अभ्यासकानं 1965 साली जवळजवळ याच शब्दांत मांडला होता, आणि समाजातल्या भाषावापराचा अभ्यास अजूनही त्याच्याभोवती फिरतो. आपल्याकडे त्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडितांनी दिलं. मुंबईत स्थायिक झालेला गुजराती मसाल्याचा व्यापारी घरात गुजराती बोलतो, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदी, व्यापाराच्या वर्तुळात कच्छी आणि कोंकणी, आणि क्वचित औपचारिक प्रसंगी इंग्रजी. यातली त्याची 'खरी' भाषा कोणती असं विचारणंच चुकीचं आहे. प्रत्येक भाषेला तिचं काम आहे आणि तिची जागा आहे. मेळघाटातला कोरकू माणूस यापेक्षा वेगळं काय करतो? घरात म्हाताऱ्या आईशी कोरकू, धारणीच्या बाजारात हिंदी, तलाठ्यासमोर जमेल तशी मराठी. फरक इतकाच की व्यापाऱ्याच्या बहुभाषिकतेचं कौतुक होतं आणि याच्या बहुभाषिकतेला 'मराठी कच्ची' असा शेरा मिळतो.

अशा माणसाला गुरुजींनी विचारलं, 'घरी कोणती भाषा बोलता?' तर उत्तर विचारणाऱ्याकडे बघून येईल. शाळेतला माणूस विचारतोय म्हटल्यावर 'मराठी' सांगितलं जाण्याची शक्यता मोठी. त्यात लबाडी नसते. पोराचं काही नुकसान होऊ नये ही काळजी असते. म्हणून प्रश्नावलीचं उत्तर हा भाषावापराचा पुरावा मानता येत नाही. लोकांना आपली भाषा कशी दाखवावीशी वाटते, याचा मात्र तो चांगला पुरावा आहे.

कागदावर भाषा कशी पुसट होते हे पाहायचं असेल तर शाळेचं जनरल रजिस्टर काढा आणि मातृभाषेचा रकाना वाचा. किती मुलांपुढे 'कोरकू' लिहिलं आहे, किती जणांपुढे 'मराठी', किती जणांपुढे नुसतं 'वरीलप्रमाणे', ते मोजा. मग हीच मुलं मधल्या सुट्टीत काय बोलतात ते ऐका. या दोन गोष्टी शेजारी मांडल्यात तर लघुप्रबंधाचं एक प्रकरण तयार होईल. जनगणनेतही हे मोठ्या प्रमाणावर घडतं. 2011 च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेल्या मातृभाषांच्या 19,569 नोंदी होत्या. छाननीनंतर त्यांच्या 1,369 मातृभाषा झाल्या, आणि दहा हजारांहून अधिक भाषकांच्या हिशेबानं गट पाडल्यावर उरल्या 121 भाषा. आपल्या तांड्यांवरची बंजारा बोली तिथे हिंदीच्या गटात जाते. पावरी, मावची, वारली या भिलीच्या गटात. कोरकूला स्वतंत्र जागा आहे, देशभरात 7 लाख 27 हजारांच्या आसपास भाषक नोंदले गेले. पण कोरकू बोलणारी आणखी किती माणसं भीतीनं किंवा सवयीनं दुसऱ्या भाषेच्या रकान्यात गेली ते तो आकडा सांगू शकत नाही.

आता वर्गाकडे. तुमच्या फोनवर ध्वनिमुद्रण होतं, तेवढं साधन पुरेसं आहे. फोन टेबलावर ठेवून सुरुवातीचे काही दिवस नुसता चालू ठेवा आणि ते मुद्रण वापरू नका. मुलांची त्याच्याकडे बघण्याची हौस फिटायला हवी. मग परिपाठ, भाषेचा तास, गणिताचा तास, खिचडीची रांग आणि मधली सुट्टी असे वेगवेगळे तुकडे घ्या. मुद्रण कमी करा, लिप्यंतर, म्हणजे ऐकलेलं जसंच्या तसं लिहून काढणं, नीट करा. एका तासाच्या मुद्रणाचं लिप्यंतर करायला सहा-आठ तास सहज लागतात आणि बहुवर्ग शाळेच्या गोंगाटात त्याहून जास्त. म्हणून दहा-दहा मिनिटांचे तुकडे निवडून घेतले तरी चालेल, पण निवडीचा नियम आधी ठरवा आणि लिहून ठेवा. मनासारखे संवाद उचलत गेलात तर ऐकणं मागे पडेल आणि तुमचा आधीचाच समज पक्का होईल.

लिप्यंतर कोरकू येणाऱ्या माणसाबरोबर बसून करा. गावातली बारावी झालेली मुलगी असेल, अंगणवाडीताई असेल, तिच्या वेळेचे पैसे द्या आणि ऋणनिर्देशात तिची परवानगी घेऊन नाव घाला. तुम्हाला जे 'मागे बसून गडबड' वाटत होतं, त्यात काय काय चाललेलं असतं ते तिच्याकडून कळेल. बहुतेक वेळा त्यात पाठातल्याच गोष्टीची चर्चा असते. चौथीतली एखादी मुलगी पहिलीतल्या धाकट्या भावाला तुमचं वाक्य कोरकूत फिरवून सांगत असते. पट भरलेला आणि शिक्षक एक किंवा दोन, अशा शाळांत ही दुभाषी मुलं अर्धा वर्ग चालवतात. त्यांच्या या कामाची नोंद कुठल्याही चाचणीत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्यांना 'बोलू नकोस' म्हणून गप्प केलं जातं. माझ्या मते तुमच्या अभ्यासातलं सगळ्यांत मोलाचं प्रकरण या मुलांचं होईल. कोण भाषांतर करतं, कुणासाठी, स्वतःहून की सांगितल्यावर, आणि भाषांतर करताना ते मूल मूळ वाक्यात काय बदलतं, हे टिपा. भाषांतर करताना ते मूल तुमचं म्हणणं पचवून, समोरच्या मुलाला झेपेल असं करून सांगत असतं. शिकवण्याचं कौशल्य याहून वेगळं काय असतं?

दुसरी गोष्ट एका सुरातल्या उत्तरांची. 'समजलं का?' 'होऽऽ.' 'पृथ्वी कशाभोवती फिरते?' 'सूर्याऽऽभोवती.' शिक्षक विचारतो, वर्ग उत्तर देतो, शिक्षक 'शाब्बास' म्हणतो: वर्गातल्या संवादाचा हा तिपेडी साचा जगभरच्या अभ्यासांत नोंदला गेला आहे. आपल्याकडे त्यात सामूहिक सूर मिसळतो, आणि त्या सुरात भाषा न समजणारं मूल अगदी सुरक्षित लपतं. ओठ हलवायचे, शेवटचं अक्षर ओढायचं. म्हणून मोजताना सामूहिक उत्तरं वेगळी काढा. एका मुलानं एकट्यानं, पाठ न केलेलं, तीन-चार शब्दांहून लांब असं मराठी वाक्य एका तासात किती वेळा उच्चारलं, एवढंच मोजून बघा. हा आकडा तुम्हाला चाळीस प्रश्नांहून जास्त सांगेल.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो तुमच्या मार्गदर्शकांकडूनच येण्याची शक्यता आहे: ही मुलं मुळातच बोलत नाहीत, लाजाळू असतात. याचं उत्तर न्यूयॉर्कच्या हार्लेममधून मिळतं. 1960 च्या दशकात तिथल्या गरीब कृष्णवर्णीय मुलांबद्दल असंच म्हटलं जाई की त्यांना भाषाच नाही, ती एकेका शब्दात उत्तरं देतात. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. लिऑन नावाचा आठ वर्षांचा मुलगा. मुलाखत घेणारे क्लॅरेन्स रॉबिन्स हे स्वतः हार्लेममधले, कृष्णवर्णीय, मुलांशी चांगलं जमणारे. तरीही मुलाखतीत लिऑन एका शब्दापुढे जाईना. पुढच्या वेळी रॉबिन्सनी माणूस बदलला नाही, प्रसंग बदलला: बटाट्याचे वेफर आणले, लिऑनच्या जिवलग मित्राला बोलावलं, स्वतः जमिनीवर बसले आणि गप्पांत मोठ्यांसमोर न बोलायचे शब्दही येऊ दिले. तोच लिऑन मित्राचं बोलणं तोडून बोलू लागला, वाद घालू लागला. आधीची शांतता त्या खोलीनं, त्या टेबलानं आणि मोठ्या माणसाच्या प्रश्नांनी तयार केली होती. तुमच्या अभ्यासात मूल बोलत नाही असं जिथे जिथे लिहाल, तिथे ते कुठे, कुणासमोर आणि कोणत्या भाषेत बोलत नाही, हे लिहायलाच हवं. मोह वेचताना, नदीवर, होळीला फगवा मागताना हेच मूल किती बोलतं ते तुम्हाला माहीत आहे.

'चुकां'वर थोडं थांबते, कारण इथे सगळ्यांत जास्त अन्याय होतो.

कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे, संथाली आणि मुंडारीच्या नात्यातली, आणि त्या कुळाची सगळ्यांत पश्चिमेकडची शाखा. मराठीशी तिचं जन्माचं नातं नाही. तिच्यात नामांचा भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. आपल्यासारखं पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग नाही. वचनं मात्र तीन: एक, दोन आणि अनेक. अशा भाषेतून आलेल्या मुलाला 'तो दगड, ती वीट, ते लाकूड' हे कुठल्या तर्कानं कळावं? तिन्ही निर्जीव आहेत. मराठी मुलालाही त्यात तर्क सापडत नाही, ते फक्त हजारो वेळा ऐकलेलं असतं. म्हणून कोरकू मूल 'माझा आई आला' म्हणालं, तर त्याला विचार करता येत नाही असा अर्थ होत नाही. लिंगव्यवस्था अजून बसलेली नाही, एवढंच. उलट 'आम्ही' आणि 'आपण' यांतला फरक, ऐकणाऱ्याला वगळून की धरून, कोरकूत पक्का आहे. हिंदीभाषक माणूस मराठी शिकताना इथे बरेचदा अडखळतो. तुमची मुलं अडखळतात का ते बघा. मुलाला काय येत नाही याची यादी करताना, त्याच्या भाषेनं त्याला काय आधीच देऊन ठेवलं आहे याचीही यादी व्हायला हवी.

आणि प्रत्येक चूक कोरकूच्या खात्यावर टाकू नका. एखादी मुलगी 'मी जातो' म्हणाली. हा कोरकूचा परिणाम? वऱ्हाडात अनेक भागांत बायका सरळ 'मी जातो', 'मी करतो' म्हणतात. 'मले पाह्यजे', 'तो जेवून राह्यला' हे मूल वर्गात बोललं, तर त्यानं आजूबाजूला ऐकलेली जिवंत मराठी अचूक उचलली आहे. ती शिकल्याची खूण आहे. पुस्तकाशी जुळत नाही म्हणून आपण तिच्यावर लाल रेघ मारतो. काही चुका तर अशा असतात की पुण्यातलं चार वर्षांचं मराठी मूलही त्या करतं आणि वाढता वाढता सोडून देतं. तेव्हा वाक्यं गोळा करून चार ढीग करा: कोरकूचं वळण, हिंदीचं वळण, वऱ्हाडीचं वळण, आणि वयाप्रमाणे होणारी चूक. काही वाक्यं दोन ढिगांत बसतील. ती तशीच नोंदवा, ओढून-ताणून एकात कोंबू नका. डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं आहे, त्यात जिल्ह्या-जिल्ह्यांतली प्रत्यक्ष बोललेली मराठी ऐकायला मिळते. वऱ्हाडीचा ढीग ठरवताना ते हाताशी ठेवा, म्हणजे 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' असे दोनच रकाने करायची गरज उरणार नाही.

बोलीभेदाच्या अभ्यासातून शाळेपर्यंत कसं जाता येतं याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. मॅक्सिन बर्नसन यांनी फलटणच्या मराठीतल्या सामाजिक भेदांवर 1973 मध्ये पीएच.डी. केली आणि पुढे त्याच गावात प्रगत शिक्षण संस्था उभी केली. गावातली माणसं कशी वेगवेगळी बोलतात हे ज्यानं बारकाईनं ऐकलं आहे, त्याला मुलाच्या तोंडच्या बोलीचा राग येऊ शकत नाही. शिक्षकाला या अभ्यासातून मिळणारी ही गोष्ट मला पदवीपेक्षा मोठी वाटते.

गणितासाठी एक छोटा प्रयोग सुचवते. जिम कमिन्स यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातल्या स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून एक भेद मांडला. खेळताना, बाजारात लागणारी बोलण्याची भाषा मूल साधारण दोनेक वर्षांत उचलतं. अभ्यासाची, पुस्तकातली भाषा तीच मातृभाषा असलेल्या मुलांच्या बरोबरीनं यायला पाच ते सात वर्षं लागतात. ही वर्षं कॅनडातली आहेत, ती मेळघाटावर चिकटवू नका. तिथल्या मुलांच्या भोवती शाळेबाहेरही इंग्रजी होती. तुमच्या मुलांच्या भोवती शाळा सुटली की मराठी जवळजवळ संपते. पण भेद कामाचा आहे. 'बोलतो की मराठी, मग शाब्दिक उदाहरण का येत नाही?' असं आपण म्हणतो तेव्हा हाच भेद विसरलेला असतो.

चौथीच्या मुलांसाठी सारख्या काठिण्याची काही भागाकार-गुणाकाराची उदाहरणं तयार करा. ती चार तऱ्हांनी द्यायची: नुसत्या आकड्यांत, पुस्तकी मराठीत, म्हणजे 'प्रत्येकी सहा याप्रमाणे वाटल्यास किती जणांना पुरतील' अशी, तुम्ही वर्गात बोलता त्या साध्या मराठीत, आणि तोंडी कोरकूत. एकाच मुलाला एकच उदाहरण चार वेळा द्यायचं नाही, नाहीतर ते पाठ होईल. गट करून उदाहरणं आणि तऱ्हा फिरवत ठेवा. गुण रजिस्टरला लावू नका आणि हे मुलांना आधी सांगा. आकड्यांत आणि कोरकूत जमतं पण पुस्तकी मराठीत अडतं असं दिसलं, तर त्या मुलाचं गणित 'अप्रगत' नाही हे दाखवून देता येईल. चारही तऱ्हांत अडतं असं दिसलं, तर गणितावरच काम करायला हवं. निकाल कुठलाही आला तरी दुसऱ्या दिवशी वर्गात काय करायचं ते कळतं, म्हणून मला हा प्रयोग आवडतो.

मातृभाषेतून सुरुवात केली तर मराठी मागे पडेल, ही भीती पालकांना असते आणि अधिकाऱ्यांनाही. अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध समाजात जे काम केलं, ते इथे वाचायला हवं. त्यांनी एकाच जमातीतली दोन तऱ्हेची मुलं निवडली: काही भागांत कोंधांची स्वतःची कुई भाषा आणि ओडिया दोन्ही बोलणारी, काही भागांत कुई सुटून फक्त ओडिया उरलेली. जमात तीच, गरिबी तीच, फरक भाषेचा. दोन्ही भाषा सांभाळणारी मुलं बौद्धिक चाचण्यांत आणि भाषेविषयी विचार करण्यात पुढे दिसली. अभ्यासाची आखणी किती स्वच्छ आहे ते बघा. शहरातलं मूल आणि पाड्यावरचं मूल अशी आंधळी तुलना त्यात नाही. पुढे आंध्र प्रदेशानं 2004 च्या सुमारास आठ आणि ओडिशानं 2007 मध्ये दहा आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचे प्रयोग सुरू केले. कायद्याची बाजू थोडक्यात: घटनेचं कलम 350अ प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयीबद्दल बोलतं, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येही माध्यम 'शक्य असेल तेथवर' मुलाची मातृभाषा असावं असं म्हटलं आहे. सगळं अडतं ते 'शक्य असेल तेथवर' या सवलतीवर. तुमच्या शाळेत काय शक्य आहे, हे तुमच्यासारखा अभ्यास दाखवू शकतो. मंत्रालयात बसून ते कळत नाही.

समाजाच्या बाजूनं एक अभ्यास तुम्ही नक्की समजून घ्या, तोही आपल्याच मातीतला. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये नोंदवलं की तिथले जैन आणि लिंगायत कन्नड बोलतात, मुसलमान उर्दू, दलित मराठी. शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली आहे की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. तरीही घराघरातली भाषा वेगळी राहिली, कारण ती त्या घराची ओळख होती. हा अभ्यास जगभर शिकवला गेला. चाळीसेक वर्षांनी सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावात जाऊन तो दावा नव्यानं तपासला, त्यावर प्रश्न उभे केले, आणि मधल्या काळातले बदल टिपले. गाजलेला निष्कर्षही पुन्हा गावात नेऊन पारखायचा असतो, हे यातून घ्या. तुमच्या भागात कोरकूंबरोबर गवळी, बलई, गोंड, निहाल राहतात. त्यांची मुलं एकमेकांशी कोणत्या भाषेत खेळतात? यावर तुम्ही एक पान लिहिलंत तरी ते नवं असेल.

शिक्षकांच्या मनातले कल शोधायचे असतील तर तेही विचारून नीट कळत नाहीत. 'सर्व भाषा समान आहेत' यावर सगळे 'पूर्णपणे सहमत' अशी खूण करतात. वॉलेस लँबर्ट यांनी 1960 मध्ये माँट्रियलमध्ये एकाच माणसाचा आवाज फ्रेंचमध्ये आणि इंग्रजीत ऐकवला आणि ऐकणाऱ्यांना बोलणाऱ्याबद्दल मत विचारलं. माणूस एकच आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. इंग्रजीतला 'माणूस' जास्त हुशार, जास्त भरवशाचा ठरला, आणि खुद्द फ्रेंच बोलणाऱ्यांनीही तसंच ठरवलं. ही रीत लघुप्रबंधाच्या आवाक्यात थोडी जड जाईल, पुढे पीएच.डी. करायची असेल तर मनात ठेवा.

मार्गदर्शक विचारतील, 'गृहीतक कुठे आहे? संख्या कुठे आहे?' त्यांना दाखवायला तुमच्याकडे भरपूर संख्या असतील: किती उच्चार, म्हणजे बोललेली वाक्यं, कोणत्या भाषेत, कशासाठी. शिस्त लावायला कोणती भाषा, नवी कल्पना समजावायला कोणती, कौतुकाला कोणती, रागाला कोणती. तुमच्या स्वतःच्या उच्चारांचीही अशीच मोजणी करा. कोरकूतले दोन-चार शब्द येणारे शिक्षक ते शब्द कशाला वापरतात बघा: 'बस', 'गप्प', 'इकडे ये' यांच्यासाठीच वापरत असतील, तर मुलाची भाषा वर्गात आली ती फक्त हुकूम म्हणून. हे ऐकायला जड जाईल, पण लिहा.

परवानगीबद्दल कडक राहा. तुमचेच विद्यार्थी आहेत, त्यामुळे मूल किंवा पालक तुम्हाला 'नाही' म्हणणार नाहीत. म्हणूनच त्यांना नाही म्हणता येईल अशी सोय तुम्ही करायची. ग्रामसभेत किंवा पालकसभेत कोरकूत समजावून सांगायला गावातलाच माणूस घ्या. मुलांची खरी नावं, शाळेचं नाव छापू नका. मुद्रणं फोनवरून कुठल्याही व्हॉट्सअॅप गटावर जाता कामा नयेत, गमतीनंसुद्धा नाही. आणि काम झालं की जे सापडलं ते आधी पालकांना ऐकवा, मग विद्यापीठाला द्या.

वेळेचं गणित गावाच्या वर्षाप्रमाणे बसवा. दिवाळीनंतर कामासाठी बाहेर पडणारी कुटुंबं होळीच्या सुमाराला परततात. त्या महिन्यांत घेतलेला नमुना म्हणजे गावात राहू शकलेल्या घरांचा नमुना. शक्य असेल तर जून ते दिवाळी मुख्य मुद्रण करा आणि होळीनंतर परत आलेल्या मुलांचं थोडं वेगळं. बाहेरगावी वीटभट्टीवर, बांधकामावर राहून आलेलं मूल हिंदी किती घेऊन आलं आणि मराठी किती विसरलं, हे तेव्हा दिसेल.

कपाटातली प्रश्नावली शेवटच्या टप्प्यात काढा. चाळीसपैकी 'अडचणी येतात का', 'मातृभाषेतून शिक्षण असावे का' असे हो-नाहीचे प्रश्न काढून टाका. ठेवायचे ते असे: काल संध्याकाळी मूल घरात कुणाशी काय बोललं? शाळेतलं काही घरी येऊन सांगितलं का, ते कोणत्या भाषेत सांगितलं? आजीला ते समजलं का? हे प्रश्न छापील कागदावर देऊ नका. पालकांच्या अंगणात बसून, गावातल्या सहकाऱ्याकडून कोरकूत विचारा, आणि त्यांची उत्तरंही ध्वनिमुद्रित करा.